प्रेषकाची मुद्रा आणि टपालाची वाट

13 एप्रिल 1731 रोजी झालेल्या वारणेच्या तहाने वारणा नदीच्या दक्षिणेकडील मुलूख कोल्हापूरच्या गादीकडे ठरला. पन्हाळा तालुक्यातील कोडोली ह्याच मुलखात येते. एका घराण्याच्या दोन गाद्या झाल्या, तेव्हा पत्र कोठे जावयाचे ह्याइतकेच ते कोणाकडून निघाले ह्यालाही महत्त्व आले. शिक्का-मोर्तबावरून पत्राचा खरेपणा पारखला जाई. जावक पत्राची नोंद बारनिशीत राही. ई-मेलच्या व्यवस्थेला ही साधी गोष्ट उमजावयास जवळजवळ पाव शतक लागले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जॉन पोस्टेल यांनी 1982 साली शब्दबद्ध केलेल्या टपालनियमांत प्रेषकाने स्वतःचे जे नाव सांगावे ते खरे मानले जाई. 1986 मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी मांडलेल्या पद्धतीनुसार पत्राची वाट ठरे ती केवळ घेणाऱ्याच्या डोमेनवरून. ह्यात भोळेपणा होता, पण मूर्खपणा नव्हता; त्या जाळ्यावरची विद्यापीठे व संशोधनसंस्था परस्परांना ओळखत होत्या. पुढे बाजार भरला आणि दुसऱ्याच्या नावाने पत्रे धाडणाऱ्यांचा सुळसुळाट झाला.

कोडोलीला लागूनच असलेल्या वारणानगरच्या परिसरात 1998 साली सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. साखर कारखाना, दूधसंघ, शिक्षणसंस्था अशा अनेक संस्था जेथे शेजारी नांदतात, तेथे पुढील अडचण सहज कल्पिता येते. समजा, दोन संस्थांची पत्रे एकाच सर्व्हरवरून निघतात, परंतु प्रत्येकीचे डोमेन निराळे व टपाल पुढे नेणारा सेवादारही निराळा. दूधसंघाचे पत्र कारखान्याच्या वाटेने गेले, तर घेणारा त्याकडे संशयाने पाहील आणि उत्पादकाला बिलाची सूचना मिळणारच नाही.

2006 हे वर्ष ह्या दृष्टीने निर्णायक होय. अमुक डोमेनची पत्रे अमुक यंत्रांवरूनच निघतील, असे जाहीर करण्याची एसपीएफ पद्धत त्या वर्षी प्रायोगिक नियम म्हणून प्रसिद्ध झाली. वीत्से व्हेनेमा यांच्या पोस्टफिक्स ह्या टपाल-प्रणालीच्या 2.3 आवृत्तीत प्रेषकानुसार वाट निवडण्याची सोयही त्याच वर्षी आली. तिची रचना एखाद्या जमाखर्चाच्या वहीसारखी सुटसुटीत आहे: डावीकडे प्रेषकाचा पत्ता किंवा डोमेन, उजवीकडे त्याचे पत्र ज्याच्या हवाली करावयाचे तो सर्व्हर. वहीत नाव न सापडल्यास पत्र नेहमीच्या वाटेने जाते. प्रत्येक प्रेषकासाठी वेगळा परवलीचा शब्दही ठेवता येतो.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ही वही पाहते ते लिफाफ्यावरील प्रेषकाचे नाव. आतल्या कागदाच्या माथ्यावरील नाव नव्हे. दोन्ही नावे जुळावीत असा आग्रह 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीमार्कने धरला. फेब्रुवारी 2024 पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांवर ह्या कसोट्या बंधनकारक केल्या. गूगलने त्यासाठी जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5,000 पत्रांची मर्यादा सांगितली.

न पोचलेल्या पत्राची परतसूचना मात्र ह्या वहीतून बहुधा निसटते. सूचनांनाच सूचना जाऊन चक्र सुरू होऊ नये, म्हणून तिच्या लिफाफ्यावर प्रेषकाची जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. साहजिकच तिच्यासाठी निराळी नोंद केली नसेल, तर ती सर्वांच्या सामाईक वाटेने परतते.