सूक्ष्मजंतूंतील औषधरोध

सूक्ष्मजंतूंतील औषधरोध : एखाद्या प्रतिजैव पदार्थाच्या किंवा जंतुनाशकाच्या ज्या मात्रेने सूक्ष्मजंतू एरवी मरतात किंवा त्यांची वाढ खुंटते, त्या मात्रेतही जगण्याची व वाढण्याची त्यांच्या ठिकाणी आलेली क्षमता म्हणजे औषधरोध होय. ही क्षमता आनुवंशिक असून जंतूंच्या पुढील पिढ्यांत उतरते. सहिष्णुता ही अवस्था याहून भिन्न आहे. सहिष्णू जंतू औषधाच्या सान्निध्यात वाढत नाहीत. परंतु त्यांना मरण्यास फार वेळ लागतो आणि औषध निघून गेल्यावर ते पुन्हा वाढू लागतात. पेनिसिलिनाची मात्रा भरपूर असली, तरी स्टॅफिलोकॉकस जंतूंपैकी थोडे शिल्लक राहतात व त्यांची संतती मात्र मूळच्या जंतूंइतकीच पेनिसिलिनाला बळी पडते, असे जोसेफ बिगर यांना १९४४ मध्ये आढळून आले. जंतुनाशकांच्या संदर्भात सहिष्णुता ही संज्ञा ‘कमी झालेली संवेदनक्षमता’ अशा सैल अर्थानेही वापरतात.

रोध रुग्णाच्या शरीरात नव्हे, तर जंतूत निर्माण होतो. ‘शरीराला औषधाची सवय झाली’ हा लोकांत रूढ असलेला समज त्यामुळे बरोबर नाही. रोधी जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणून ज्याने ते औषध कधीही घेतलेले नाही, अशा माणसालाही रोधी जंतूंचा रोग होतो. रोधाचा प्रश्न वैयक्तिक न राहता सार्वजनिक होतो तो यामुळेच.

जंतुनाशकांचा काळ : प्रतिजैव पदार्थांच्या शोधापूर्वी सु. ८० वर्षे रुग्णालयांची भिस्त रासायनिक जंतुनाशकांवर होती. इग्नाझ झेमेलव्हाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची पद्धत सुरू केली. जोसेफ लिस्टर यांनी शस्त्रक्रियेतील कार्बॉलिक अम्लाच्या उपयोगाचे निष्कर्ष १८६७ मध्ये प्रसिद्ध केले. रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये जंतुनाशकांची पद्धतशीर तुलना केली आणि तेलात किंवा अल्कोहॉलात मिसळलेले कार्बॉलिक अम्ल काळपुळीच्या बीजाणूंवर (प्रतिकूल परिस्थितीत टिकून राहणाऱ्या जंतूंच्या सुप्त रूपांवर) निष्प्रभ ठरते, असे दाखविले. महाराष्ट्रात जंतुनाशकांचा फार मोठ्या प्रमाणावर वापर १८९६–९७ च्या प्लेगच्या साथीत झाला. मुंबईत कार्बॉलिक अम्ल व मर्क्युरिक क्लोराइड यांच्या विद्रावांनी रस्ते आणि घरे धुऊन काढण्यात आली. प्लेगचा प्रसार मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे होतो हे पुढे सिद्ध झाले, तेव्हा या खटाटोपाची मर्यादाही स्पष्ट झाली.

रोधाची पहिली चाहूलही याच काळातील आहे. पॅरिस येथील पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोसियाकॉफ यांच्या निबंधात, जंतुनाशकाच्या क्रमाने वाढत जाणाऱ्या सौम्य मात्रांत वाढविलेले जंतू मूळच्या जंतूंपेक्षा अधिक मात्रा सहन करतात, असे दाखविलेले आहे. पेनिसिलिनाच्या शोधापूर्वी चार दशके नोंदलेल्या या निरीक्षणाकडे व्यवहारात फारसे कोणी लक्ष दिले नाही.

प्रतिजैव पदार्थ व रोध : अँटिबायॉटिके या नावाने सर्वपरिचित असलेल्या प्रतिजैव पदार्थांचा इतिहास हा त्यांच्याविरुद्धच्या रोधाचाही इतिहास आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीन १९२८ मध्ये आढळले. ते उपचारासाठी सर्रास उपलब्ध होण्यापूर्वीच, १९४० मध्ये, ई. पी. एब्राहम व अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलिनाचा नाश करणारे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) जंतूंत असल्याचे जाहीर केले. अपुऱ्या मात्रेमुळे जंतू रोधी बनतील, असा इशारा फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मधील आपल्या नोबेल व्याख्यानात दिला होता. लंडनमधील एका रुग्णालयात मेरी बार्बर यांनी तपासलेल्या स्टॅफिलोकॉकस जंतूंपैकी निम्म्याहून अधिक जंतू १९४८ पर्यंत पेनिसिलीनरोधी झालेले होते. त्यावर उपाय म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलीन हे औषध प्रचारात आले आणि १९६१ मध्ये मेथिसिलीनरोधी जंतूंची नोंद झाली.

औषधामुळे जंतूंत बदल घडतो, की आधीच बदललेले जंतू औषध निवडून काढते, हा मूलभूत प्रश्न होता. सॅल्व्हादोर लूरिआ व माक्स डेलब्रूक यांनी १९४३ मध्ये जंतुभक्षी विषाणूंच्या संदर्भात, तर जॉशुआ व एस्थर लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनाच्या संदर्भातही त्याचे उत्तर दिले. रोधी जंतू औषधाचा स्पर्श होण्यापूर्वीच अत्यल्प संख्येने अस्तित्वात असतात. औषध संवेदनक्षम जंतू मारून त्यांना रान मोकळे करून देते.

लोणावळे ते पिंपरी : क्षयरोगाच्या उपचारांत या निवडीचे परिणाम सर्वांत ठळकपणे दिसून आले. प्रभावी औषध नव्हते तेव्हा विश्रांती, सकस आहार व हवापालट एवढेच उपाय हाती होते. पाचगणी व मिरज येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामे निघाली, तर मुंबई-पुण्याची सुस्थित मंडळी प्रकृतिस्वास्थ्यासाठी मावळातील लोणावळे, खंडाळे व तळेगाव येथे जाऊन राहत. सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसीन वेगळे केले आणि हे चित्र पालटले. मात्र १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत एक गोष्ट स्पष्ट झाली. केवळ स्ट्रेप्टोमायसीन दिलेल्या रुग्णांना प्रारंभी लक्षणीय आराम पडला; परंतु काही महिन्यांतच त्यांपैकी बहुतेकांच्या थुंकीत स्ट्रेप्टोमायसीनरोधी जंतू दिसू लागले. त्याच्या जोडीला पॅरा-अमिनोसॅलिसिलिक अम्ल दिल्यास रोध उद्‍भवण्याचे प्रमाण पुष्कळच कमी होते, असे १९५० मध्ये आढळून आले. आयसोनायझिड १९५२ मध्ये उपलब्ध झाले व संयुक्त उपचाराची पद्धत पक्की झाली.

लोणावळ्याहून पुण्याकडे येणाऱ्या याच हमरस्त्यावर, मावळच्या पूर्वेस असलेल्या पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स लिमिटेड ही केंद्र सरकारची कंपनी स्थापन झाली. सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मितीचा हा भारतातील पहिला उद्योग होय. संयुक्त राष्ट्रांचा बालक निधी व जागतिक आरोग्य संघटना यांचे त्यास साहाय्य लाभले. पेनिसिलिनाचे उत्पादन १९५५ मध्ये सुरू झाले व १९६० नंतरच्या दशकात स्ट्रेप्टोमायसीनही तेथे तयार होऊ लागले. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये येथे हॅमायसीन हा कवकनाशक पदार्थ शोधून काढला. तो निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवाला पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना हे नाव देण्यात आले. प्रतिजैव पदार्थांचे असे बहुतेक निर्माते मातीत राहतात आणि स्वतःच्या रसायनापासून बचाव करणारी जीनेही (आनुवंशिकतेची एककेही) बाळगून असतात. रोधाची साधने निसर्गात औषधांइतकीच जुनी आहेत, याचा हा एक पुरावा आहे.

ज्या रोगासाठी पूर्वी घाटमाथ्यावरची हवा सुचविली जाई, त्याचे औषध त्याच वाटेवर सु. ५० किमी. अंतरावर टनांनी तयार होऊ लागले. दुर्मिळतेचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. परंतु औषध कोणत्या जोडीने, किती मात्रेत व किती काळ द्यावयाचे, हा प्रश्न औषधाच्या विपुलतेने सुटणारा नव्हता.

रोधाची यंत्रणा : जंतू मुख्यतः चार मार्गांनी औषधाला दाद देत नाहीत. (१) पेनिसिलिनाप्रमाणे औषधाचे रेणू एंझाइमांनी मोडणे. (२) औषध कोशिकेतील ज्या भागावर कार्य करते त्याची रचना बदलणे. (३) कोशिकेच्या आवरणातून औषध आत येऊ न देणे. (४) आत आलेले औषध पटलातील पंपासारख्या प्रथिनांच्या साहाय्याने बाहेर टाकणे. हे गुण उत्परिवर्तनाने (आनुवंशिक लक्षणांत एकाएकी होणाऱ्या बदलाने) येतात किंवा दुसऱ्या जंतूकडून मिळतात. अनेक औषधांविरुद्धचा रोध आमांशाच्या जंतूंत एकदमच एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो, असे जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये दाखविले. रोधाची जीने वाहून नेणाऱ्या या गुणसूत्रबाह्य वलयांना प्लाझ्मिडे म्हणतात.

क्षयाच्या जंतूत मात्र रोध केवळ उत्परिवर्तनानेच येतो. आयसोनायझिडरोधी जंतू साधारणतः दहा लाखांत एक व रिफॅम्पिसीनरोधी दहा कोटींत एक एवढ्या प्रमाणात आपोआप उद्‍भवतात. फुप्फुसातील एका पोकळीत दहा कोटी जंतू असू शकतात. त्यांत आयसोनायझिडरोधी सु. १०० असतील. एकच औषध दिल्यास हे १०० जंतू उरतात व वाढतात. दोन्ही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू आपोआप निर्माण होण्याची शक्यता मात्र १ या अंकावर १४ शून्ये दिल्यास होणाऱ्या संख्येत एक एवढी अल्प असते. संयुक्त उपचाराचा सर्व आधार या हिशोबावर आहे. रुग्णाने एक औषध वगळले किंवा वैद्याने अपुरी जोडी दिली, की हा हिशोब कोसळतो.

रुग्णालयातील जंतुनाशके : प्रतिजैव पदार्थ कोशिकेतील बहुधा एकाच ठिकाणी कार्य करतो, उलट जंतुनाशक एकाच वेळी पटल, प्रथिने व इतर घटक यांवर आघात करते. त्यामुळे योग्य तीव्रतेच्या जंतुनाशकाविरुद्ध पूर्ण रोध क्वचितच निर्माण होतो. काही जंतू मात्र स्वभावतःच चिवट असतात. बीजाणूंची जाड आवरणे, क्षयजंतूंची मेणासारखी भित्ती आणि स्यूडोमोनास जंतूंचे बाह्य पटल यांतून रसायन सहज आत जात नाही. नळ्या, मोऱ्या व उपकरणे यांवर जंतू बुळबुळीत थर करून राहतात. त्या थराच्या आतील जंतूंपर्यंत जंतुनाशक पुरेसे पोहोचत नाही.

खुद्द जंतुनाशकाच्या बाटलीतच जंतू वाढत असल्याची उदाहरणे आहेत. सेट्रिमाइडाच्या विद्रावात स्यूडोमोनास जंतू आढळल्याचे ई. जे. एल. लोबरी यांनी १९५१ मध्ये नोंदविले. बाटल्यांची बुचे, जुन्या विद्रावावर नवा ओतण्याची सवय व प्रमाणाबाहेर पाणी मिसळणे ही अशा दूषिततेची नेहमीची कारणे होत. रक्त व पू यांच्या संपर्काने क्लोरिनयुक्त द्रव्ये निष्प्रभ होतात. म्हणून आधी धुणे व मग जंतुनाशक लावणे हा क्रम पाळावा लागतो.

सौम्य मात्रेचा दुसरा धोका अधिक दूरगामी आहे. काही स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या प्लाझ्मिडांवरील ‘क्यूएसी’ जीने चतुर्थक अमोनियम संयुगे व क्लोरहेक्झिडीन यांसारखी जंतुनाशके बाहेर टाकणारे पंप तयार करतात. अशी जीने पुष्कळदा प्रतिजैव पदार्थांविरुद्धच्या जीनांच्या शेजारी असतात. त्यामुळे जंतुनाशकाने केलेल्या निवडीत औषधरोधही टिकून राहतो. ट्रायक्लोसान हे द्रव्य जंतूंतील एका विशिष्ट एंझाइमावर कार्य करते व त्या एंझाइमातील उत्परिवर्तनाने रोध येतो, असे १९९८ मध्ये दिसून आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये घरगुती साबणांतील त्याच्या वापरास मनाई केली. फरशी पुसण्याच्या पाण्यात द्रव्य किती मिसळावे, ही बाब अशा प्रकारे औषधोपचाराशीही संबंधित आहे.

महाराष्ट्रातील अनुभव : मुंबईतील धारावी येथे सु. १०० खाजगी डॉक्टरांच्या पाहणीत क्षयरोगासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्या जात असल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथेच केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०६ डॉक्टरांपैकी केवळ ६ जणांनी योग्य योजना लिहिली. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईतील हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनी, तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे चार रुग्ण नोंदविले. ‘संपूर्ण औषधरोधी’ ही संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेने अपुऱ्या व्याख्येमुळे मान्य केली नाही. तथापि प्रश्नाचे गांभीर्य सर्वमान्य झाले. मे २०१२ मध्ये क्षयरोगाच्या रुग्णांची नोंद कळविणे देशभर बंधनकारक करण्यात आले.

कार्बापेनेम गटातील राखीव औषधांचा नाश करणाऱ्या ‘एनडीएम–१’ या एंझाइमाबाबतही असेच घडले. हिंदुजा रुग्णालयातून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा औषधांना रोध करणाऱ्या २४ आंत्रजंतूंपैकी २२ जंतूंत हे एंझाइम आढळले. हे जंतू मुख्यतः रुग्णालयांत पसरतात. त्यामुळे हातांची स्वच्छता, उपकरणांचे निर्जंतुकीकरण आणि सांडपाण्याची विल्हेवाट यांना औषधांइतकेच महत्त्व आहे.

नियंत्रण : भारतात निवडक प्रतिजैव पदार्थांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवण्याचा ‘अनुसूची एच–१’चा नियम मार्च २०१४ पासून अंमलात आला. रोधाविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये जाहीर झाला. पशुपालनात कोलिस्टीन या राखीव औषधाच्या वापरावर २०१९ मध्ये बंदी घालण्यात आली. आयसोनायझिड व रिफॅम्पिसीन या दोहोंना रोध करणाऱ्या क्षयावर बेडाक्विलिनासह चार औषधांची सहा महिन्यांची तोंडावाटे घ्यावयाची योजना देशात २०२४ मध्ये मंजूर झाली. जगात २०१९ मध्ये सु. १२·७ लाख मृत्यू औषधरोधी जंतूंमुळे ओढवले, असा अंदाज आहे.

नवे औषध रोधाला काही काळ मागे सारते. पेनिसिलिनापासून कार्बापेनेमांपर्यंत कोणतेही औषध त्यास कायमचे थोपवू शकलेले नाही. अपुरी मात्रा, एकट्या औषधावरील भिस्त, अर्धवट सोडलेला उपचार आणि पातळ केलेले जंतुनाशक या सर्वांचा परिणाम एकच होतो : दुर्बळ जंतू मरतात व चिवट जंतू उरतात. म्हणून प्रतिजैव पदार्थांचे आयुष्य त्यांच्या निर्मितीपेक्षा त्यांच्या वापरातील शिस्तीवर अधिक अवलंबून असते.