घड्याळाच्या पाठीवरचा लेख

नाशिक शहर आणि देवळालीची छावणी यांच्या मधल्या पट्ट्यात वाढत गेलेल्या इंदिरानगरच्या वस्तीत ओझरच्या विमान कारखान्यातून, नाशिकरोडच्या प्रेसमधून, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून आणि फौजेतून निवृत्त झालेल्या माणसांची घरे पुष्कळ असल्यामुळे, येथील कपाटांत आणि लोखंडी ट्रंकांत जुन्या हातघड्याळांची जी पुंजी विखुरलेली आहे ती एखाद्या जुन्या पेठेलाही हेवा वाटावा अशी आहे. ही घड्याळे आता मालकांच्या मनगटांवरून उतरली आहेत. मुले-नातवंडे ती घड्याळजीपुढे ठेवतात आणि हे कोणत्या सालचे, कोणत्या कारखान्याचे, अस्सल की बनावट, असे विचारतात. या प्रश्नांचा निकाल लोक तबकडी पाहून लावू जातात आणि तेथेच फसतात. पेशवे दफ्तरातील सनदेचा अभ्यासक ज्याप्रमाणे केवळ मजकुरावर विसंबत नाही, तर कागद उलटून जोडांवरची मोर्तबे आणि पाठीवरचे शेरे यांची रुजुवात घेतो, त्याचप्रमाणे घड्याळाच्या अभ्यासकानेही आधी घड्याळ उलटे करावे, असे माझे ठाम मत आहे. आणि क्रोनोग्राफ जातीच्या घड्याळांविषयी तर हे मत मी अधिकच आग्रहाने मांडीन.

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखविता दाखविता, खटका दाबताच एखाद्या घटनेचा अवधीही मोजून देणारे घड्याळ. निकोला र्‍यूसेक या फ्रेंच कारागिराने 1821 साली पॅरिस येथील घोड्यांच्या शर्यतीत जे यंत्र वापरले, ते फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका उमटवून काळाची नोंद करी. पुढे 1844 मध्ये लंडनमध्ये काम करणाऱ्या अडोल्फ निकोल याने हृदयाकृती चकतीचे पेटंट घेतले, आणि एका दाबासरशी काटा शून्यावर परत आणण्याची युक्ती सिद्ध झाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे यंत्र मनगटावर आले, आणि 1934 मध्ये ब्राइटलिंगने दुसरा खटका जोडल्यावर त्याला आज आपण ओळखतो ते रूप प्राप्त झाले.

या घड्याळाचे देवळालीशी असलेले नाते मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. मुंबईस उतरणाऱ्या गोऱ्या पलटणींसाठी देवळालीस एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुक्कामाची छावणी वसली, आणि पुढे तोफखान्याची शाळा आताच्या पाकिस्तानातील काकूलहून याच ठिकाणी आली. जुन्या क्रोनोग्राफांच्या तबकडीच्या कडेला 'टेलिमीटर' नावाची जी आकड्यांची पट्टी असते, ती मुळात तोफखान्याच्या कामाची: शत्रूच्या तोफेचा जाळ दिसताच खटका दाबावा, आवाज कानी पडताच पुन्हा दाबावा, आणि काटा ज्या आकड्यावर थांबेल तितके किलोमीटर तोफ दूर आहे असे समजावे, कारण ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो आणि तीन सेकंदांत जवळजवळ एक किलोमीटर तोडतो. त्याच कडेवरची दुसरी पट्टी, 'टॅकिमीटर', वेग सांगते, आणि नाडीची पट्टी असलेले घड्याळ डॉक्टरांसाठी केलेले असते. ओझरला 1964 साली स्थापन झालेल्या कारखान्यात जी मिग-21 विमाने बांधली गेली, त्यांच्या चालककक्षातील चेल्याबिन्स्कचे रशियन घड्याळसुद्धा याच कुळातले, उड्डाणाचा काळ आणि सुटे सेकंद निराळे मोजणारे. या पट्ट्या पाहून घड्याळ कोणत्या कामाचे होते हे कळते. ते कोठून आले आणि त्याचे काय झाले, हे मात्र पाठीकडेच विचारावे लागते.

तबकडीवर विश्वास का ठेवू नये, याचे कारण मुंबईच्या घड्याळ-व्यवसायाच्या इतिहासात आहे. फेवर ल्यूबा या स्विस पेढीचे लोक 1865 च्या सुमारास हिंदुस्थानात आले, 1886 मध्ये वेस्ट एंड वॉच कंपनीने मुंबईत दुकान थाटले, आणि तबकडीवर 'बॉम्बे' व 'कलकत्ता' अशी नावे छापलेली घड्याळे रेल्वेच्या नोकरांपासून मेसोपोटेमियात लढलेल्या शिपायांपर्यंत सर्वांच्या अंगावर दिसू लागली. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांची आयात परवान्यांच्या आणि जकातीच्या कचाट्यात सापडली. 1961 मध्ये बेंगळुरूस एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने घड्याळे घडवावयास आरंभ केला खरा, परंतु क्रोनोग्राफासारख्या गुंतागुंतीच्या यंत्राची हौस विलायती मालानेच भागवावी लागे. सुटे भाग मिळेनात, तबकड्या आपल्या दमट हवेत डागाळत, आणि गिऱ्हाइकाला तर घड्याळ नव्यासारखे हवे असे. तेव्हा मुंबईच्या कारागिरांनी तबकड्या घासून पुन्हा रंगविण्याची एक कला आत्मसात केली, जिची कीर्ती पुढे दूरदेशीच्या संग्राहकांपर्यंत, आदराने म्हणण्यापेक्षा सावधगिरीची सूचना म्हणून, पोचली. त्या कारागिरांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. बंद पडणार असलेले घड्याळ त्यांनी आणखी वीस वर्षे चालविले. पण त्यांच्या ब्रशाने पुसलेला इतिहास शोधायचा तर मागच्या झाकणाखेरीज, ज्याला घड्याळजी 'बॅक' म्हणतात त्याखेरीज, दुसरा दस्तऐवज क्वचितच उरतो.

बॅक हाती घेतल्यावर पहिली परीक्षा ती बसते कशी याची. नुसती दाबून बसणारी, चाकूच्या टोकाने उचकटली जाणारी बॅक बहुधा जुन्या किंवा स्वस्त घडणीची. आट्यांनी फिरवून बसणारी बॅक पाणी आणि धूळ अडविण्याच्या हेतूने केलेली. जिनिव्हाच्या फ्रांस्वा बोर्जेल याने 1891 मध्ये आट्यांच्या केसचे, म्हणजे यंत्राभोवतीच्या धातूच्या कवचाचे, पेटंट घेतले, आणि त्याच्या कारखान्याचा वारसा 1924 मध्ये टाउबर्ट घराण्याकडे गेल्यावर तेथून दहा कोनांची जी बॅक निघाली, ती पाटेक फिलिपच्या जलरोधक क्रोनोग्राफावर आढळते, तशीच मोवाडो आणि मिडो यांच्या क्रोनोग्राफांवरही आढळते. घड्याळावरचे नाव निराळे, किंमत निराळी, पण केस घडविणारा हात एकच, ही गोष्ट दहा कोन मोजून सिद्ध करता येते, आणि मला या साऱ्या विद्येतील हा सर्वांत आनंददायक पुरावा वाटतो.

दुसरी परीक्षा अक्षरांची. 'स्टेनलेस स्टील बॅक' हे शब्द वाचून संपूर्ण घड्याळ पोलादी आहे असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः त्या शब्दांचा अर्थ इतकाच, की पोलाद आहे ते फक्त बॅकचे, आणि समोरची कड बहुधा पितळेवर क्रोमियमचा मुलामा दिलेली असते. जेथे 'बेस मेटल' असे शब्द असतात तेथे ही कबुली उघडच दिलेली असते. आपल्याकडच्या घामाने असा मुलामा पट्ट्याच्या कानांपाशी आधी खाल्ला जातो आणि पोलादी बॅक मात्र ताठ राहते. म्हणून एखाद्या घड्याळाची कड गुळगुळीत, चकचकीत आणि बॅक मात्र झिजलेली दिसली, तर कड नव्याने मुलामा दिलेली किंवा बदललेली आहे अशी शंका घ्यावी.

बॅक उघडल्यावर आतल्या बाजूस जे दिसते ते सामान्य मालकाने जन्मात पाहिलेले नसते. सोन्याचांदीच्या केसवर स्वित्झर्लंडच्या 1880 च्या कायद्यान्वये मारलेल्या सरकारी मोहरा असतात: हेल्व्हेशियेचे मस्तक म्हणजे अठरा कॅरट, खार म्हणजे चौदा कॅरट, अस्वल म्हणजे हजारी 875 कसाची चांदी आणि रानकोंबडा म्हणजे 800 कसाची. यांशिवाय 1920 च्या दशकापासून केस घडविणाऱ्यांची सामायिक चिन्हे येऊ लागली. किल्लीच्या चित्रात आकडा असला तर तो जिनिव्हाचा कारागीर, हातोडीच्या चित्रात असला तर न्यूशातेलच्या डोंगराळ मुलखातला. एका क्रॉसनंतर छापलेला आकडा हा बहुधा स्विस पेटंटाचा क्रमांक, आणि पेटंटाच्या तारखेपूर्वी ते घड्याळ निर्माण होणे शक्य नाही, इतका भक्कम निष्कर्ष त्यावरून काढता येतो. ओमेगाच्या केसमध्ये आत नमुन्याचा क्रमांक असतो आणि 1960 च्या दशकातील पुष्कळ नमुन्यांत त्याच्या शेपटीस सालही जोडलेले असते, 105.003-65 असे वाचले की 65 या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ह्यूअर कंपनी मात्र आपले क्रमांक पट्ट्याच्या कानांमध्येही कोरीत असे, त्यामुळे त्या घड्याळांचा पट्टा काढल्याशिवाय तपास पुरा होत नाही.

आता सेइकोविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आपल्या भागातील मध्यमवर्गीय घरांत जे क्रोनोग्राफ सापडतात त्यांत स्विस घड्याळांपेक्षा या जपानी घड्याळांचीच संख्या मला अधिक दिसते. 1969 हे साल स्वयंचलित क्रोनोग्राफाच्या जन्माचे: जानेवारीत झेनिथने, मार्चमध्ये ह्यूअर, ब्राइटलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली यंत्रे जाहीर केली, आणि त्याच वर्षी सेइकोने सुवा येथील कारखान्यातून 6139 हे यंत्र बाजारात आणले. आखाती देशांत नोकरीस गेलेल्या आप्तांच्या सामानातून, आणि चोरटी आयात जोरात असताना अन्य मार्गांनीही, ही घड्याळे महाराष्ट्रात आली. त्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी 1974 मध्ये सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा घड्याळाला पावती नसते, हमीपत्र नसते, दुकानाचा शिक्का नसतो. म्हणूनच त्याच्या पाठीवरचा आकडा अमोल ठरतो. तेथे 6139-6005 यासारखा एक क्रमांक असतो, त्यातला पहिला भाग यंत्राचा आणि दुसरा केसचा. निराळा सहा अंकी क्रमांक असतो, त्याचा पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना, आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांसाठी ओ, एन, डी ही रोमन अक्षरे. पहिल्या जागी 3 आणि दुसऱ्या जागी डी असेल, तर डिसेंबर 1973. हे यंत्र सत्तरच्या दशकाबाहेर फारसे गेले नसल्यामुळे दशकाविषयी संशय राहत नाही. अडचण एकाच अंकाची, 9 ची, कारण तो 1969 ही असू शकतो आणि 1979 ही. परंतु बॅकवरच तिचा उलगडाही आहे: अगदी आरंभीच्या घड्याळांवर पाण्यासंबंधी 'प्रूफ' असा शब्द आहे, आणि 1970-71 च्या सुमारास त्याची जागा 'रेझिस्ट' या सावध शब्दाने घेतली. सहा अंक आणि एक शब्द एवढ्यावर एखाद्या घड्याळाचा जन्ममहिना ठरतो, आणि तो सांगताना मला दरवेळी एखादी जुनी तारीख इंग्रजी कालगणनेत बसविल्यासारखे समाधान लाभते.

सरकारी घड्याळांची पाठ आणखी बोलकी. ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेवर बाणाच्या टोकाची खूण मारण्याचा शिरस्ता होता, आणि 1970 च्या दशकात त्यांच्या वैमानिकांना दिलेल्या क्रोनोग्राफांवर त्या बाणाबरोबर 6बीबी, तर आरमारी घड्याळांवर 0552 अशी खात्याची संज्ञा, 924-3306 हा वस्तूचा क्रमांक, आणि शेवटी तैनातीचा अनुक्रमांक व साल असा पूर्ण तपशील कोरलेला असे. फ्रेंच हवाई दलाच्या 'टाइप 20' क्रोनोग्राफांचा प्रकार तर याहून रोचक आहे, कारण दुरुस्तीनंतर हमीची मुदत कोणत्या दिवशी संपते ती तारीख 'एफ. जी.' या अक्षरांपुढे बॅकवरच कोरीत, आणि एकाखाली एक साचलेल्या त्या तारखांवरून घड्याळ किती वर्षे चाकरीत होते याचा पुरा हिशेब मिळतो. देवळालीसारख्या लष्करी गावाच्या आसपास बाणाची खूण दिसली की लोक हुरळून जातात; पण अशा खुणा मागाहून कोरणेही अवघड नाही, आणि खऱ्या कोरीव अक्षराची कड झिजेबरोबर बोथट झालेली असते, नव्या अक्षराची कड मात्र बोटाला टोचते.

बॅक बदलताही येते, ही या पुराव्याची मर्यादा. ओमेगाच्या स्पीडमास्टरवर सुरुवातीच्या काळापासून समुद्राश्वाची आकृती होती, आणि माणूस चंद्रावर पोचल्यावर चंद्रावर वापरलेले पहिले घड्याळ या अर्थाचा इंग्रजी लेख बॅकवर आला; साहजिकच त्या लेखाची बॅक जुन्या किंवा भलत्याच घड्याळावर चढविण्याचा मोह व्यापाऱ्यांना होतो. म्हणून पाठीवरचा लेख, आतला क्रमांक आणि यंत्राचा क्रमांक या तिघांची साक्ष जुळते की नाही हे पाहिल्यावाचून खातरजमा झाली असे म्हणू नये.

आणि या सर्व छापील व ठशांच्या अक्षरांच्या मध्ये, आतल्या बाजूस, सुईने ओरखडलेली बारीक अक्षरे असतात: एखाद्या घड्याळजीच्या नावाची आद्याक्षरे, एक तारीख, कधी नुसता गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीचा क्रमांक, कधी देवनागरी आकडे. तेलपाणी केल्याची ही त्याची स्वतःपुरती नोंद. घड्याळ पुन्हा दुकानात आले तर आपणच पूर्वी ते उघडले होते हे त्याला कळावे, एवढाच तिचा हेतू. कारखान्याच्या दफ्तरात या घड्याळाची विक्री झाल्यावर पुढे एक अक्षरही नोंदलेले नसते. त्यानंतरच्या पन्नास वर्षांची नोंद याच ओरखड्यांत असते. ज्या घरी असे घड्याळ असेल त्यांनी ते पॉलिश करून घेऊ नये, कारण पॉलिशच्या चाकावर एका फेरीत बाणाची खूण, अनुक्रमांक आणि तारखा बाहेरच्या बाजूने पुसल्या जातात. आणि घड्याळजी बॅक उघडील तेव्हा आतल्या अक्षरांचा तिरप्या उजेडात फोटो काढून तो घरच्या कागदपत्रांत ठेवावा; पुढच्या दुरुस्तीच्या वेळी तारीख लिहायला घड्याळजीलाही जागा लागेल.