शाहतूश : अंगठीतून जाणारी शाल आणि कायद्यातली फट

१/ शाहतूशची अख्खी शाल बोटातल्या अंगठीतून आरपार ओढता येते, अशी तिच्या तलमपणाची ख्याती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही शाल अनेक देशांच्या कायद्यांतूनही तशीच अलगद निसटत राहिली. त्या निसटण्याचा हा इतिहास.

२/ शाहतूश म्हणजे चिरूची लोकर. चिरू हा तिबेटच्या पठारावरचा, हरणासारखा दिसणारा प्राणी. झुडपांना अडकलेली त्याची लोकर वेचून आणतात, असे व्यापारी सांगत. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांच्या तिबेटमधील संशोधनाने ही दंतकथा मोडीत काढली. लोकरीसाठी चिरू ठार मारले जात होते. एका शालीमागे तीन ते पाच.

३/ कायदे नव्हते असे नाही. वन्यजीवांच्या व्यापारावरील ‘साइट्स’ हा आंतरराष्ट्रीय करार १९७५ मध्ये अमलात आला. १९७९ मध्ये चिरूला त्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले, म्हणजेच त्याचा सीमापार व्यापार निषिद्ध ठरला. भारत या करारात १९७६ मध्ये सामील झाला होता. चीन १९८१ मध्ये झाला.

४/ मग फट कुठे राहिली? भारताचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा जम्मू-काश्मीरला लागू नव्हता. राज्याने १९७८ मध्ये स्वतःचा कायदा केला. त्यात चिरूला सर्वोच्च संरक्षण नव्हते आणि परवान्याने व्यापाराला वाव होता. परिणामी, जी लोकर सीमा ओलांडताना तस्करीचा माल ठरे, तीच श्रीनगरच्या मागावर चढली की उजळ माथ्याने वावरे.

५/ या विसंगतीची किंमत दूरच्या पठारावर मोजली गेली. चीनच्या चिंघाय प्रांतातील अधिकारी सोनम दार्ग्ये यांनी शिकाऱ्यांविरुद्ध गस्ती पथक उभारले होते. जानेवारी १९९४ मध्ये कखशिलीच्या ओसाड प्रदेशात शिकाऱ्यांनीच त्यांचा बळी घेतला.

६/ शालींचे गिऱ्हाईक होते पाश्चात्त्य महानगरांत. १९९७ मध्ये लंडन पोलिसांनी एका छाप्यात १३८ शाली जप्त केल्या. खटल्याअंती दंड झाला १,५०० पौंड. त्या रकमेत एक उत्तम शालही आली नसती!

७/ अखेर प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २००२ मध्ये जम्मू-काश्मीरने आपला कायदा बदलून चिरूला पूर्ण संरक्षण दिले. फट बुजली, पण तिचा भार शिकारीशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या विणकरांवरही पडला. पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब एका दुरुस्तीने गुन्हा ठरले.

८/ तिबेटी पठारावरील कडक गस्त आणि व्यापारबंदी यांमुळे चिरूंची संख्या सावरली. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला ‘संकटग्रस्त’ वर्गातून काढून ‘संकटसमीप’ वर्गात ठेवले. मात्र १९७९ ची बंदी आणि २००२ ची दुरुस्ती यांमध्ये तेवीस वर्षे गेली. कागदावर तेव्हाही चिरू संरक्षितच होता.