ट्रायपॉसची तिवई

सोळाव्या शतकात केंब्रिजमध्ये पदवी मिळायची ती चारचौघांत वाद घालून. ॲश वेन्सडेला, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, एक जुना पदवीधर तीन पायांच्या तिवईवर बसून नव्या उमेदवारांशी लॅटिनमध्ये वाद घाली. त्याला थट्टेची मुभा होती. लोक त्याला ‘मिस्टर ट्रायपॉस’ म्हणू लागले, म्हणजे तिवईचं नाव माणसाला मिळालं. पुढे त्याच्या भाषणाची जागा छापील लॅटिन पद्यांनी घेतली आणि नाव पद्यांकडे गेलं. १७४८च्या सुमारास त्याच कागदाच्या पाठीवर यशस्वी विद्यार्थ्यांची क्रमवार यादी छापू लागले. मग यादी ‘ट्रायपॉस’ झाली आणि शेवटी परीक्षाही. आज तिथला कायद्याचा किंवा इतिहासाचा पदवी अभ्यासक्रमही ट्रायपॉसच म्हणवतो.

दरम्यान वादाची जागा कागदाने घेतली होती. न्यूटनच्या वारशामुळे केंब्रिजात गणिताला मान होता, आणि गणिताचं उत्तर बोलून दाखवण्यापेक्षा लिहून तपासणं सोपं. गणिताच्या ट्रायपॉसमध्ये पहिल्या वर्गात येणाऱ्यांना मात्र ‘रँग्लर’, म्हणजे वाद घालणारा, हेच नाव राहिलं.

क्रमांकासाठी विद्यार्थी खाजगी शिक्षकांकडे वर्षानुवर्षं घोकत. १८५४ साली मॅक्सवेल दुसरा आला; पहिला आलेला एडवर्ड राऊथ पुढे या शिकवण्यांचा सर्वांत नावाजलेला गुरू ठरला. विजेच्या आणि चुंबकत्वाच्या नियमांना एका सूत्रात बांधलं ते दुसऱ्या आलेल्या मॅक्सवेलने, हे मला फार बोलकं वाटतं. १८९० साली फिलिपा फॉसेट यांचे गुण पहिल्या, म्हणजे ‘सीनियर’, रँग्लरपेक्षाही जास्त होते; पण स्त्री म्हणून त्यांना क्रमांकही नाही आणि पदवीही नाही. स्त्रियांना तिथे पदवी मिळू लागली ती थेट १९४८ साली.

१८९९ साली दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे बर्टविसल या विद्यार्थ्यासोबत संयुक्तपणे पहिले आले. पहिला भारतीय सीनियर रँग्लर! पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, तरी महाराष्ट्राला ते ‘रँग्लर परांजपे’ म्हणूनच ठाऊक राहिले.

आदल्याच वर्षी चौथे आलेले गणितज्ञ जी. एच. हार्डी मात्र या शर्यतीवर चिडले होते. ही परीक्षा इंग्लंडमधल्या गणिताचं नुकसान करते, चलाखीला बक्षीस देते आणि नव्या संशोधनाला वेळ उरू देत नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यांचा राग मला रास्त वाटतो. १९०९ नंतर क्रमांक छापणं बंद झालं, आणि पुढचे मराठी गणितज्ञ महाजनी व विष्णु नारळीकर रँग्लर झाले ते क्रमांकाविना, वर्णानुक्रमे लावलेल्या याद्यांत.