निःश्वासाचा इतिहास

यंत्रांच्या इतिहासात पोटाला मोठा मान मिळाला आहे. बॉयलर केवढा, सिलिंडर किती, अश्वशक्ती किती, हे ग्रंथकार आस्थेने नोंदवून ठेवतात. पण काम उरकल्यावर इंजिन जो तापलेला वायू बाहेर टाकते, त्याचे पुढे काय झाले हे विचारणारा विरळा. वास्तविक इंजिनाचा स्वभाव ओळखावा तो त्याच्या निःश्वासावरूनच. सोलापूरच्या भवानी पेठेत राहणाऱ्या माणसाला हा विषय सुचावा यात नवल नाही. भोवती यंत्रमागांचा अखंड खडखडाट आणि मधून मधून एखाद्या मोटारसायकलची फाडफाड, अशा ठिकाणी कान आपोआप चौकस होतात.

सोलापूरने इंजिनाचा निःश्वास पहिल्याने ऐकला तो १८६० साली, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे येथवर आली तेव्हा. आगगाडीची 'झुकझुक' आपण लहानपणापासून गातो. पण ती झुकझुक म्हणजे सिलिंडरमध्ये काम करून थकलेल्या वाफेचा उच्छ्वास आहे, हे थोड्यांच्या ध्यानात येते. ही वाफ धुराड्याच्या तळाशी एका तोंडातून वर सोडली, तर ती जाताना भट्टीतला धूर ओढून नेते आणि जाळ आपोआप फुलतो. इंग्लंडात १८२९ साली जिंकलेल्या स्टीफन्सनच्या 'रॉकेट' इंजिनाच्या यशात या युक्तीचा मोठा वाटा होता. म्हणजे टाकाऊ श्वासालाही कामाला लावता येते, हा धडा आगगाडीने आरंभीच दिला होता.

पुढे १८७७ साली मोरारजी गोकुळदास यांची सूतगिरणी येथे सुरू झाली. तीच आपली 'जुनी मिल'. गिरण्यांची मोठी वाफेची इंजिने बहुधा कंडेन्सरवर चालत. त्यांचा उच्छ्वास हवेत न सुटता थंड पाण्याच्या संगतीने पुन्हा पाणी होई. म्हणून एवढे प्रचंड धूड असूनही आगगाडीसारखे ते धापा टाकीत नसे. गिरणीचा आवाज गावाला ऐकू येई तो भोंग्याचा, आणि तो मुद्दाम काढलेला असे. त्या भोंग्यावर पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, पाळ्या बदलल्या. एका आवाजाने गाव उठे आणि कोणी तक्रार करीत नसे, कारण तो सर्वांच्या पोटाचा आवाज होता. आवाज सुसह्य की दुःसह, हे पुष्कळदा तो कोणासाठी काढला आहे यावर ठरते.

पेट्रोलचे इंजिन आले आणि प्रकरण बदलले. येथे वाफेचा फुत्कार नसून प्रत्यक्ष स्फोट असतो. झडप उघडताच दाबाखालचा वायू नळीत उसळतो आणि प्रत्येक उसळीगणिक एक ठोका उमटतो. चार सिलिंडरांची मोटार मिनिटाला ६००० फेऱ्या घेऊ लागली म्हणजे असे ठोके सेकंदाला २०० पडतात. बारा सिलिंडरांची ८००० फेऱ्यांवर गेली की ८००. ठोके इतके जवळ आले की त्यांचा सूर होतो. बुलेटचे एकच सिलिंडर सावकाश चालताना सेकंदाला सात-आठच ठोके देते, म्हणून ते आपल्याला मोजता येतात आणि छातीत जाणवतात. स्पोर्ट्स मोटारीचा चढा स्वर आणि बुलेटची धडधड यांतला भेद मूळचा या गणिताचा आहे.

हे ठोके दाबण्याचा उद्योग लवकरच सुरू झाला. अमेरिकेतील इंडियाना संस्थानात रीव्हज बंधूंनी १८९७ साली इंजिनाच्या मफलरचे पेटंट घेतले. तत्त्व मात्र त्याहून जुने. हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताने पोकळ भांड्यांचा अभ्यास करून दाखवले होते की, भांड्याचे पोट आणि तोंड यांच्या मापावर त्याचा एकच आवडता सूर ठरतो. आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. पंढरपूरच्या बाजूला भीमेकाठी पिकणारे मोठाले भोपळे मिरजेला जातात आणि तेथे त्यांचे तंबोरे होतात. भोपळ्याची पोकळी तारेचा नाद खुलवते. सायलेन्सरमधली पोकळी आपल्या मापाचा नेमका सूर शोषून घेते. शास्त्र एकच, एकाने गाणे सजवले, दुसऱ्याने गोंगाट गिळला. म्हणूनच चांगला कारागीर आवाज नुसता बंद करीत नाही. कर्कश सूर कोणता आणि भरदार कोणता हे पाहून तो पोकळीचे माप धरतो, आणि छिद्रांच्या नळीभोवती काचेचा कापूस भरतो, तो वरचे तीक्ष्ण सूर पिऊन टाकतो.

या विद्येचा खरा महापंडित वॉल्टर काडेन. दुसऱ्या महायुद्धात हा जर्मन अभियंता क्षेपणास्त्रांच्या कामावर होता. युद्धानंतर तो पूर्व जर्मनीत एम्‌झेड या मोटारसायकलच्या कारखान्यात शर्यतीच्या गाड्या घडवू लागला. टू-स्ट्रोक इंजिनाचे दुखणे असे की, जळका वायू बाहेर जाताना नवे मिश्रणही त्याच्याबरोबर निसटते. काडेनने नळीला आधी रुंदावत जाणारा आणि मग निमुळता होत जाणारा आकार दिला. रुंद भागातून परतणारी लहर वायू ओढून काढते, आणि निमुळत्या भागावर आपटून परतणारी लहर निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. साऱ्या हालचालीचा सूत्रधार ध्वनी! १९६१ साली त्याच्या १२५ सी. सी. इंजिनाने २५ अश्वशक्तीपर्यंत मजल मारली. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळून गेला आणि सुझुकीला मिळाला. पुढल्याच वर्षी सुझुकीने ५० सी. सी. गटाचे जगज्जेतेपद मिळवले. एका नळीच्या आकारापायी एवढे राजकारण घडले.

आपल्याकडे १९५५ साली मद्रासला बुलेट तयार होऊ लागली, १९६१ साली म्हैसूरला जावा. जावाचे सिलिंडर एक, पण निःश्वासाच्या नळ्या दोन. १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या यामाहा आर्‌एक्स १०० ने तर काडेनचेच तत्त्व गावोगाव पोचवले. आमच्या पेठेतल्या गॅरेजांत आजही तिच्या आवाजाची चर्चा तालमीतल्या मल्लासारखी चालते. या मुलांनी हेल्महोल्ट्झचे नाव ऐकलेले नाही. पण नळी बोटभर कापली की आवाज कसा पालटतो, हे ती कानाने सांगतात. ही विद्या तुच्छ लेखण्यासारखी नाही.

आता उष्णतेकडे वळू. पेट्रोलमध्ये जेवढी उष्णता असते, तिचा जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा कामी येतो; जवळजवळ तेवढीच उष्णता नळीवाटे निघून जाते. जोरात चालणाऱ्या इंजिनातून निघणारा वायू ८०० अंशांवर तापलेला असतो. स्पोर्ट्स मोटारीत इंजिन अंग चोरून बसवलेले, हवेला वाट थोडी. मग शेजारच्या वायरी, रबर, पायाखालचा पत्रा, सारेच भाजून निघते. १९९२ साली जगापुढे आलेल्या मॅक्लारेन एफ-१ मोटारीच्या इंजिनकोठीला आतून सोन्याचा वर्ख लावला होता, कारण सोने उष्णता उत्तम परतवते. आपल्या ऐपतीचे उपाय साधे आहेत: नळीवर सिरॅमिकचा थर, काचतंतूची पट्टी, किंवा मध्ये हवेची फट ठेवून बसवलेला पत्रा. गंमत अशी की, उष्णता आणि आवाज ही दोन दुखणी वेगळी नाहीत. थंड हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो, तापल्या वायूत पाचशेच्याही पुढे जातो. नळी आतून तापलेली राहिली तर लहरीचा वेग टिकतो, वायू झपाट्याने बाहेर पडतो आणि बाहेरचे सामान थंड राहते. मात्र साध्या लोखंडावर पट्टी गुंडाळली तर खाली ओल धरून नळी गंजते. तेथे स्टेनलेस स्टीलच हवे.

येथवर सारे ठीक. पण पुष्कळ जण सोपी वाट धरतात. नळीत बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा वायूला अडसर आणि उष्णतेचे कोठार. तो काढून टाकला की आवाज मोकळा होतो, ताप उतरतो. हे खोटे नाही. परंतु भारतात १९९५ साली चार महानगरांतल्या नव्या मोटारींना हे यंत्र सक्तीचे झाले ते विषारी वायू मारण्यासाठी, आणि मुळात ते तापल्यावाचून काम करीत नाही. ते काढले तर आपला ताप उतरतो आणि शेजाऱ्याच्या फुप्फुसात चढतो. याला सुधारणा म्हणणे म्हणजे आपल्या अंगणातला केर रस्त्यावर लोटून घर झाडले म्हणण्यासारखे आहे.

आवाजाचेही तसेच. कोणी म्हणेल, जेथे दिवसभर यंत्रमाग चालतात तेथे एका सायलेन्सरचे काय एवढे कौतुक? मी उलट म्हणतो. ज्या विणकराचे कान पाळीभर नव्वद डेसिबलच्या वरचा खडखडाट सोसतात, त्यालाच घरी आल्यावर शांततेची गरज सर्वांत अधिक. विडीच्या पानांवर वाकून दिवस घालवणाऱ्या बाईची रात्रीची झोप हीच तिची मिळकत. २००० सालच्या नियमांनी वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. कंपनीच्या रचनेत परवानगीवाचून फेरबदल करायलाही मोटार वाहन कायद्याची मनाई आहे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवले आहेत. ते दृश्य पाहून मला समाधान वाटत नाही. त्या चेपलेल्या नळ्यांत कोणाची तरी कारागिरी होती. ती चुकीच्या वाटेला गेली, कारण योग्य वाट कोणी दाखवली नाही.

आमच्या बाजूने तुळजापूरचा रस्ता जातो. कोजागरीला लाखो माणसे त्या वाटेने पायी देवीला जातात आणि वाहने दुसरीकडून वळवली जातात. त्या रात्री गर्दी असते, गाणी असतात, उदो उदो असतो, तरी इंजिनाचा निःश्वास नसल्याने पेठ निराळीच भासते. आवाज माणसाला नकोसा नाही. आपल्यासाठी नसलेला आवाज सोसणे जड जाते.

म्हणून गॅरेजातल्या पोरांना माझे सांगणे एवढेच: काडेनकडे पाहा. त्याने ध्वनीला राबवले. भिंतीपलीकडच्या माणसाने दाद द्यावी म्हणून तो राबत नव्हता. गोड आणि मोठा हे दोन गुण वेगळे आहेत. कर्कशपणा काढून भरदार सूर ठेवणे, ताप नळीत कोंडून पुढे नेणे, विष मारणारे यंत्र जागच्या जागी राखणे, आणि हे सारे कायद्याच्या मापात बसवणे, यात रोडरोलरखाली जाणाऱ्या नळीपेक्षा दसपट अक्कल लागते. निःश्वास कसा टाकावा, हे ज्याला साधले त्याला इंजिन समजले असे म्हणायला हरकत नाही.