मिलिंद महाविद्यालय व सामाजिक परिवर्तन
मराठवाड्यातील दलितांना उच्च शिक्षण सुलभ करणारे हे महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे सुरू केले. १९४८ पर्यंत निजामी अंमलाखाली असलेल्या या प्रदेशात अशा शिक्षणाच्या सोयी अत्यल्प होत्या. वसतिगृहाची जोड मिळाल्याने खेड्यांतील गरीब विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचू शकले. त्यांतून शिक्षक, अधिकारी व लेखक निर्माण झाले. येथे अध्यापन केलेल्या गंगाधर पानतावणे यांच्या अस्मितादर्श नियतकालिकाने दलित साहित्याला व्यासपीठ दिले. तथापि पदवीबरोबर सामाजिक समता आपोआप आली नाही. मराठवाडा विद्यापीठास आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये संमत करताच दलित वस्त्यांवर हल्ले झाले. दीर्घ आंदोलनानंतर १९९४ मध्ये विद्यापीठाचा नामविस्तार झाला.