बावन्न अक्षरांची शिदोरी

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की कोपरी. इथली सिंधी वसाहत फाळणीनंतर वसलेली. लहानपणी आम्ही सर्रास 'निर्वासितांची कॉलनी' म्हणायचो. त्या शब्दात कुणाचं तरी गेलेलं घर आहे, हे तेव्हा ध्यानात येत नसे. तिथल्या एका किराणा दुकानातले काका दुपारी गिऱ्हाईक नसलं की सिंधी पुस्तक वाचत बसत. मदरशात शिकलेल्या अक्षरओळखीवर मी शेजारी उभा राहून अक्षरं लावायचो. काका हसत, म्हणत, "तुला वाचता येतं, कळत नाही. माझ्या नातवाला कळतं, वाचता येत नाही."

पुढे पोपटी हिरानंदानी यांच्याविषयी वाचताना काकांचं ते वाक्य आठवत राहिलं. मराठी कानाला या नावात पोपट दिसतो. सिंधीत मात्र पोपट म्हणजे फुलपाखरू. जन्म १९२४चा, सिंधमधल्या हैदराबादचा. फाळणी झाली तेव्हा त्या विशीत होत्या. कुटुंबासह मुंबईत आल्या आणि २००५मध्ये इथंच गेल्या. त्यांनी शिकवलं ते के. सी. कॉलेजात, म्हणजे सिंधहून आलेल्या माणसांनीच १९५४मध्ये उभ्या केलेल्या संस्थेत. कविता, कथा, कादंबरी, समीक्षा असं त्यांचं लिखाण अफाट. लग्न केलं नाही. हुंड्याला सिंधीत देती-लेती म्हणतात. त्या प्रथेवर त्यांनी सडकून लिहिलं. मी त्यांना भाषांतरांतूनच वाचलं, तेव्हा कवितेबद्दल जपून बोलतो. पण बाई कुणाची भीड ठेवत नाही, एवढं भाषांतरातूनही कळतं.

फाळणीत पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले. निम्मा पंजाब, निम्मा बंगाल इकडे राहिला. सिंध मात्र सगळा तिकडे गेला. माणसं आली, भाषा आली, पण तिला उभं राहायला जमीन नव्हती. कल्याणच्या लष्करी छावणीत सुमारे लाखभर माणसं येऊन पडली आणि १९४९मध्ये त्याचं उल्हासनगर झालं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण आपण १९६०मध्ये मराठीचं राज्य मिळवलं, तेव्हा घटनेच्या भाषांच्या यादीत सिंधीचं नावही नव्हतं, हे किती जणांना ठाऊक आहे? ते आलं १९६७मध्ये.

त्यात लिपीचा प्रश्न. इंग्रजांनी १८५३मध्ये सिंधीसाठी अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपी ठरवून दिली. श्वास आत ओढून उच्चारायचे सिंधीचे खास वर्ण, त्यांनाही तिथं स्वतंत्र अक्षर आहे. पोपटीबाईंच्या पिढीचं बहुतेक साहित्य याच लिपीत. इकडे आल्यावर देवनागरीचाही आग्रह झाला, वाद झाले, दोन्ही लिप्या चालू राहिल्या. मुलं इंग्रजी शाळेत गेली आणि वाद तसाच मागे पडला. मी मुसलमान असून मराठीत कविता लिहितो, याचं लोकांना अजून नवल वाटतं. या हिंदू बाईंची अक्षरं अरबी आणि त्यांना प्रिय कवी शाह लतीफ, भिटचे सूफी! सिंधी माणसाला मात्र यात नवल वाटत नाही.

पोपटीबाईंच्या आत्मचरित्राला १९८२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या आयुष्याची सोन्या-रुप्याची पानं, असा त्याच्या नावाचा अर्थ. २०१०मध्ये ते इंग्रजीत आलं. मला ते वाचायला दिलं काकांच्या नातवानं. त्यानंही ते इंग्रजीतच वाचलं होतं.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची पुस्तकं नातवानं अजून एका पत्र्याच्या पेटीत ठेवली आहेत. मध्यंतरी त्यातलं एक घेऊन घरी आला. म्हणाला, "याचं नाव तरी वाचून सांग." मी अक्षर अक्षर लावत गेलो. अर्थ त्यानं सांगितला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)